पायांखालची ऊब

गेल्या महिन्यांत या सदरांत पावसाळ्यांत ओलावणाऱ्या भिंतींविषयीं चार शब्द लिहिले होते. या खेपेस भिंतींवरून जमिनीवर यावें असें मनांत होतेंच. तोंच आमच्या धाकट्या चिरंजिवांचा जर्मनीहून दूरध्वनि आला आणि विषय आपोआप ठरला. चिरंजीव म्युनिक शहराजवळ नवें घर बांधीत आहेत. त्या घराच्या जमिनीखालीं ऊन पाण्याच्या नळ्या बसवावयाच्या असून वरती आच्छादन कशाचें घालावें, याबद्दल त्यांना वडिलांचें मत हवें होतें. फरशी, लांकूड, कीं गालिचा? ज्या माणसाचा सारा जन्म कोल्हापुरांत शहाबादी फरशीवर गेला, त्यानें बर्फांतल्या घराच्या जमिनीविषयीं मत द्यावें, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. मलाही वाटलें. परंतु या विषयाचा धडा आम्ही उभयतांनीं तीन वर्षांपूर्वीं त्यांच्याच भाड्याच्या घरीं चांगली किंमत देऊन शिकलेला आहे, आणि ती किंमत पैशांत मोजण्यासारखी नव्हती. म्हणून आधीं ती हकीकत सांगतों.

जानेवारी महिना होता. आमचा नातू नुकताच पांच महिन्यांचा झाला होता आणि त्याला पाहावयास आम्ही प्रथमच परदेशीं निघालों होतों. निघण्यापूर्वींचे चार महिने आमची सौ. दुपारची झोंप सोडून गोधडी शिवीत बसे. माझ्या मातोश्रींचीं नऊवारी लुगडीं, वापरून वापरून लोण्यासारखीं मऊ झालेलीं, पेटींत जपून ठेविलेलीं होतीं. त्यांचे थरांवर थर घालून, बारीक धांवदोऱ्यानें तिनें ती गोधडी पुरी केली. पणजीचीं लुगडीं पणतूच्या अंगाखालीं जावींत, एवढीच तिची इच्छा. विमानाच्या वजनाच्या हिशेबांत भाजणीचा डबा मागें राहिला, मेतकुटाचाही राहिला. गोधडी मात्र राहिली नाहीं.

त्या घरांत पाऊल टाकतांच पहिलें नवल पायांना वाटलें. बाहेर अंगणांत घोटाभर बर्फ. आंत शेगडी नाहीं, भिंतीलगत उष्णतेचें लोखंडी यंत्रही नाहीं. आणि तरी जमीन थंड लागत नाहीं. सौ. अनवाणी चार पावलें चालली आणि मला म्हणाली, “अहो, कोणी आतांच बसून उठल्यासारखी लागते हो ही जमीन!” या विषयावर पुढें मीं पुष्कळ वाचलें, परंतु याहून नेमकें वर्णन मला कोठें आढळलें नाहीं.

पण संवय ही विचारापेक्षां बळकट असते. आमच्या घरीं तान्ह्या मुलाला उघड्या फरशीवर कोणी ठेवीत नाहीं. ठेवलेंच तर घरांतील वडीलधाऱ्या बायका बोल लावतात. सौ.नें बैठकीच्या खोलींत आधीं सोलापुरी सतरंजी दुहेरी घालून अंथरली, तिच्यावर गोधडी घातली आणि बाळाला तिच्यावर निजविलें. आम्हां दोघांना टेंकून बसावयास शेजारीं दुसरी सतरंजी पडली. भिंतीकडे एक जाड लोंकरी गालिचा होताच. पाहतां पाहतां खोलीची निम्मी जमीन झांकली गेली. दुसऱ्या दिवसापासून खोली गारठल्यासारखी वाटूं लागली. आई-वडिलांना थंडी वाजते म्हणून चिरंजिवांनीं ऊब वाढविण्याचा खटका जरा पुढें सरकविला. तरी खोली म्हणावी तशी उबेना, म्हणून आणखी पुढें सरकविला. पंधरवडा असाच गेला. एके दिवशीं सकाळीं बाळाला उचललें, तों त्याची पाठ घामानें भिजलेली आणि मानेवर घामोळें उठलेलें. बाहेर बर्फ पडत असतां घामोळें! गोधडी व सतरंजी उचलून पाहिली, तों खालच्या लांकडी पट्ट्यांच्या सांध्यांत नख जाईल एवढी फट पडलेली. घर भाड्याचें, मालकाला उत्तर द्यावयाचें होतें.

सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं गोधडीची नीट घडी केली आणि ती कपाटांत ठेवून दिली. सौ.ही कांहीं बोलली नाहीं. ज्यांच्या घरीं सासवासुना एकत्र नांदतात, त्यांना निराळें सांगावयास नको कीं, दोघीही बोलल्या नाहींत म्हणजे घरांत पुष्कळच बोलणें झालें. दोन दिवस स्वयंपाकघरांत मिठामिरचीपलीकडे विषय निघाला नाहीं. रात्रीं सौ. मला म्हणाली, “माझ्या सासूबाईंचीं लुगडीं तिला ओझें झालीं.” पस्तीस वर्षें मीं मुलांना संस्कृत शिकविलें, वेळप्रसंगीं सृष्टिज्ञानाचे तासही घेतले, पण त्या वाक्याला मला उत्तर सुचलें नाहीं.

उत्तर सूनबाईंनींच शोधलें. बाळाच्या अंघोळीचें पाणी मोजावयाचा तापमापक त्यांच्याजवळ होता. तिसऱ्या दिवशीं दुपारीं त्यांनीं तो उघड्या जमिनीवर ठेवला, पारा पंचविसावर. मग कपाटांतून स्वतःच गोधडी आणली, सतरंजी पहिल्यासारखी दुहेरी घातली, तापमापक खालीं सारला आणि सासूला म्हणाल्या, “आई, दोन तास थांबूं या.” दोन तासांनीं पाहतात तों पारा तेहतिसावर चढलेला. सौ.नें हात खालीं घालून पाहिला. जमीन चांगलीच ऊन. गोधडीच्या वरच्या अंगाला मात्र त्या उबेचा पत्ता नव्हता. सूनबाई म्हणाल्या, “आई, गोधडींत कांहींच वाईट नाहीं. ती इतकी चांगली झाली आहे कीं, खालची ऊब वर येऊंच देत नाहीं.” सौ. हंसली. त्या हंसण्याबरोबर घरांतली थंडीही गेली. त्या रात्रीं ती गोधडी बाळाच्या अंगाखालीं नव्हे, अंगावर गेली.

आतां या हकीकतीमागचें शास्त्र पाहूं. शिक्षकाची खोड जात नाहीं, म्हणून एक साधा प्रयोग वाचकांनीं आजच करून पाहावा. पहांटे उठतांच एक पाऊल फरशीवर व दुसरें शेजारच्या सतरंजीवर ठेवावें. फरशी गार व सतरंजी उबदार लागेल. वस्तुतः दोन्हींचें तापमान एकच असतें, कारण दोन्ही रात्रभर एकाच खोलींत पडलेल्या असतात. भेद आहे तो उष्णता वाहून नेण्याच्या शक्तींत. दगड पायांतील उष्णता झटकन् ओढून घेतो. सुताच्या तंतूंमध्यें अडकलेली हवा तिला अडवून धरते. म्हणजे सतरंजी ऊब देत नाहीं, ती फक्त आपली ऊब आपल्यापाशीं राखते. गीतेच्या सहाव्या अध्यायांत ध्यानास बसणाऱ्यासाठीं जें आसन सांगितलें आहे, त्यांत दर्भ, मृगाजिन व वस्त्र असे थर एकावर एक आहेत. त्यांतील धार्मिक अर्थ मी बाजूस ठेवतों. पण थंड भूमीवर बराच वेळ स्थिर बसणाराला याहून शहाणें आसन सांगतां आलें नसतें. तीन थर, आणि थराथरांत अडकलेली हवा.

आपल्या देशांतील जमीन खालून थंड असते, म्हणून आपण तिच्यापासून अंग तोडून घेतों. आमची ‘अंथरणें’ ही क्रिया त्याच गरजेंतून आलेली आहे. परंतु ज्या घराची जमीन हीच शेगडी आहे, तेथें हाच न्याय उलटा होतो. शेगडीवर गोधडी घालून ‘खोली कां तापत नाहीं’ असें विचारण्यासारखें तें होतें. आम्ही नेमकें तेंच केलें. निम्मी जमीन झांकली, म्हणून खोलीला ऊब कमी पडली. खोलीला ऊब कमी पडली, म्हणून चिरंजिवांनीं नळ्यांतलें पाणी अधिक तापविलें. आणि तें अधिक तापलेलें पाणी गोधडीखालीं कोंडलें गेलेल्या लांकडाला व गोधडीवरच्या बाळाला भोंवलें. दोष कोणाच्याच मनांत नव्हता. प्रत्येकानें प्रेमानेंच एकेक चूक केली होती.

या रचनेचें स्वरूप थोडक्यांत असें. पायावरच्या पक्क्या थरावर उष्णता खालीं जाऊं न देणाऱ्या पाट्या घालतात. त्यांवर नळ्यांचीं वेटोळीं पसरतात. नळ्या बुडतील असा कोबा वर ओततात. आणि कोब्यावर शेवटचें आच्छादन येतें. नळ्यांतून फिरणारें पाणी उकळतें नसतें. चांगल्या बांधलेल्या घरांत तें तीस ते चाळीस अंशांच्या आंतबाहेर असलें तरी पुरतें. युरोपांतील नियमांप्रमाणें राहत्या खोलीच्या जमिनीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जातां कामा नये, न्हाणीघरांत ३३ अंशांच्या वर जातां कामा नये. मनुष्याच्या कातडीचें तापमान तिशीच्या वरखालीं असतें. म्हणजे ही जमीन पाय भाजीत नाहीं, शेकीतही नाहीं. ती पायांतली ऊब काढून घेत नाहीं, एवढेंच. सौ.च्या ‘कोणी बसून उठल्यासारखी’ या शब्दांचा शास्त्रीय अर्थ हाच.

ही कल्पना नवीन नाहीं. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतील रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हिअस यानें आपल्या ग्रंथांत स्नानगृहाच्या पोकळ जमिनीचें वर्णन केलें आहे. दोन फूट उंचीचे विटांचे खांब, त्यांवर मोठ्या चौरस विटांचें छत, तेंच स्नानगृहाची जमीन, आणि खालच्या पोकळींतून भट्टीचा धूर व ऊन हवा. कोरियांत ‘ओंडोल’ नांवाच्या पद्धतींत स्वयंपाकाच्या चुलीचा धूर दगडी लाद्यांखालून फिरवून मग धुराड्यानें बाहेर काढीत. लाद्यांवर मातीचा लेप, आणि त्याच्यावर तेल पाजलेला जाड कागद. तेथील लोक आपल्याप्रमाणेंच जमिनीवर बसणारे, जेवणारे, निजणारे. म्हणून त्यांनीं आच्छादन पातळ ठेविलें आणि निजावयाचें अंथरूण सकाळीं घडी करून उचलण्याचा परिपाठ घातला. आपल्या काश्मिरांतही मशिदींतून व जुन्या संपन्न घरांतून ‘हमाम’ असतात. दगडी लाद्यांखालच्या पोकळींत लांकडें जळतात आणि हिंवाळ्यांत माणसें त्या उबेवर बसतात. रोम, कोरिया, काश्मीर. तिन्ही ठिकाणीं माणसाच्या व अग्नीच्या मध्यें दगड किंवा भाजलेली वीट आहे. हा योगायोग नव्हे. जी शिळा पौषांत गार म्हणून आपण नांवाजत नाहीं, तीच खालून अग्नि लाभला कीं सर्वांत उदार होते. घेण्याची घाई असलेला पदार्थ देण्याचीही घाई करतो.

आतां चिरंजिवांच्या प्रश्नाकडे वळूं. कोणतें आच्छादन किती अडवितें, हें समजण्यासाठीं एक माप मनाशीं धरावें. एक सेंटिमीटर जाडीच्या भाजक्या फरशीचा अडथळा ‘एक’ मानला, तर दीड सेंटिमीटर जाडीच्या ओक लांकडाचा सुमारें दहा होतो. अर्धा सेंटिमीटर बुचाचाही नऊदहाच्या घरांत जातो. जाड लोंकरी गालिचा व त्याखालची गादी मिळून पंचवीस किंवा त्याहूनही अधिक. अशा जमिनीवरील सर्व थर मिळून अडथळा अठराच्या पुढें जाऊं नये, असा तिकडे सर्वसामान्य दंडक आहे. आमची गोधडी व दुहेरी सतरंजी मिळून, माझ्या अंदाजानें, तिशीच्या खालीं नसावी. आणि तीही लांकडाच्या दहाच्या वर!

यावरून निवडीचे नियम सरळ निघतात. बैठकीची खोली, स्वयंपाकघर व न्हाणीघर येथें दगड किंवा भाजकी फरशी सर्वांत उत्तम. ती ऊब लवकर वर पोंचविते, उष्णतेनें वांकत नाहीं, आणि पाण्याला भीत नाहीं. या शेवटच्या गुणाची साक्ष आम्हां कोल्हापूरकरांस निराळी नको. २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेचें पाणी शहरांत शिरलें, तेव्हां ओळखीच्या एका घरीं चिकटविलेल्या लांकडी पट्ट्या फुगून उखडल्या. शेजारच्या खोलींतील शहाबादी धुतली, पुसली, आणि पुन्हा तिच्यावर पंगत बसली.

लांकूड हवेंच असेल तर हरकत नाहीं. मात्र अखंड जाड फळ्यांपेक्षां थर एकमेकांवर चिकटवून केलेल्या पट्ट्या बऱ्या, कारण त्या कमी आखडतात. ओक हें लांकूड शांत स्वभावाचें. बीच व मेपल हीं ओलसुकीनें अधिक हालणारीं. पट्ट्या मोकळ्या न सोडतां कोब्याला पक्क्या चिकटवाव्या, म्हणजे मध्यें हवेचा थर राहत नाहीं. आणि लांकडाचा पृष्ठभाग २७ अंशांच्या वर तापूं देऊं नये. गालिचा घालावयाचाच तर पातळ, लहान आणि उचलतां येण्यासारखा असावा. पाठीला रबर लावलेला नसावा. पलंग, कपाटें व कोच यांना पाय असावेत, म्हणजे खालून हवा खेळते. आपल्या पाटाला व चौरंगाला पाय असतात, हें येथें आठवावें.

आणखी दोन गोष्टी घाईच्या माणसांसाठीं. कोबा ओतल्यावर लगेच वरचें काम करूं नये. सिमेंटाचा कोबा निदान २१ दिवस मुरूं द्यावा, मग नळ्यांत प्रथम कोमट पाणी सोडून, हळूहळू वाढवून तो तापवून पाहावा, आणि ओल मोजूनच वर फरशी किंवा लांकूड घालावें. ओल्या कोब्यावर घाईनें बसविलेलें लांकूड पहिल्याच हिंवाळ्यांत सूड घेतें. दुसरी गोष्ट अशी कीं, ही जमीन सावकाश तापते आणि सावकाश निवते. सकाळीं थंडी वाजली म्हणून खटका फिरवावा आणि लगेच फळ मिळावें, असा तिचा स्वभाव नाहीं. एकदां बेताचें तापमान ठरवून तें स्थिर ठेवणें हेंच हिताचें. संसारांतील दुसऱ्याही पुष्कळ गोष्टींना हा नियम लागू आहे, पण तो विषय पुन्हा केव्हां तरी.

एक धोक्याची सूचना मात्र येथेंच केली पाहिजे. आमच्या वडील भगिनी, ज्यांना सारें घर आक्का म्हणतें, सत्तरी ओलांडलेल्या असून त्यांना मधुमेह आहे व पायांची संवेदना मंदावलेली आहे. मागच्या हिंवाळ्यांत न्हाणीघराची फरशी बदलावयास घेतली, तेव्हां एका दुकानदारानें फरशीखालीं विजेच्या तारांची जाळी घालण्याचा आग्रह धरला. “आजींना ऊब मिळेल,” म्हणून. मला क्षणभर मोह पडला. पण विजेच्या जाळीची गोष्ट ऊन पाण्याच्या नळ्यांसारखी नाहीं. नळींतलें पाणी जितकें तापविलें असेल, त्याच्यापुढें वरची जमीन कधीं जात नाहीं. तारेवर मात्र जाड आच्छादन घालून उष्णता कोंडली, आणि मर्यादा राखणारें यंत्र नसलें किंवा बिघडलें, तर ती वाढत जाते. चव्वेचाळीस अंश हें ऐकावयास फारसें वाटत नाहीं. परंतु तितक्या उष्णतेला कातडी कांहीं तास टेंकून राहिली तर ती भाजते. ज्याचे पाय शाबूत आहेत तो पाय उचलील. ज्याच्या पायांना कळतच नाहीं तो बसून राहील. म्हणून तान्हीं मुलें, मधुमेही व अंथरुणाला खिळलेले वृद्ध ज्या घरांत आहेत, तेथें अशा जमिनीवर पायाचा विश्वास न धरतां तापमापकाचा धरावा; आणि त्यांना निजवावयाचें तर पायाच्या खाटेवर निजवावें.

आक्कांसाठीं आम्ही जाळी घातली नाहीं. कोल्हापुरांतील कडाक्याची थंडी ती केवढी, पांचसहा आठवड्यांची. न्हाणीघरांत जुना शिसवी पाट टाकला, माजघरांत त्यांच्या बसण्याच्या जागीं धनगरी घोंगडी चौपदरी घातली, आणि शहाबादी आहे तशी ठेविली. चैत्र-वैशाखांत घोंगडी उचलली कीं तीच फरशी दुपारीं साऱ्या घराला निजावयास बोलावते. थंड देशांत जमीन उघडी ठेवून ऊब घ्यावी. आपल्याकडे हिंवाळ्यांत ती झांकून ऊब राखावी व उन्हाळ्यांत उघडून गारवा घ्यावा. दोन्हीकडे शास्त्र तेंच आहे. फक्त खालीं काय आहे, हें पाहिलें पाहिजे.

आणि खालीं काय आहे याच्या बरोबरीनें, वर कोण आहे हेंही पाहिलें पाहिजे. युरोपांत पुष्कळांच्या घरीं जमीन ही चालण्याची जागा असते; बसावयास खुर्ची, निजावयास पलंग. आपल्याकडे जमीन हीच बैठक, हेंच पान मांडण्याचें स्थळ, हेंच मुलांचें क्रीडांगण. म्हणून दुकानांत जाऊन रंग व भाव पाहण्यापूर्वीं घरांतील सर्वांत म्हातारें व सर्वांत लहान माणूस जमिनीवर कसें वावरतें, तें एक दिवस पाहून घ्यावें. अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपण मुलांना शिकवितों. घर बांधणाऱ्यानें मात्र आधीं पाय पाहावे आणि मग अंथरूण निवडावें.

मीं चिरंजिवांना हें सारें सांगितलें. बैठकीसाठीं त्यांनीं बव्हेरियांतल्याच झोल्नहोफेन येथील चुनखडी दगडाच्या लाद्या पसंत केल्या. तें नांव ऐकून मला कोण आनंद झाला! १७९६ ते १७९८ या काळांत म्युनिकांत आलोइस झेनेफेल्डर यानें शिळाछापाची कला शोधून काढली, ती याच दगडावर. आपल्याकडील जुन्या पोथ्या याच शिळाछापानें घरोघर पोंचल्या. आणि आमची कलबुर्गी जिल्ह्यांतील शहाबादीही चुनखडीच. लाद्यालाद्यांनीं सुटणारी, पायाला गुळगुळीत होत जाणारी. म्हणजे चिरंजीव सातासमुद्रांपलीकडे गेले तरी शहाबादीच्या चुलत बहिणीवरच संसार मांडणार आहेत! निजावयाच्या खोल्यांतून सूनबाईंच्या आवडीप्रमाणें ओक. पातळ, थरांचें, कोब्याला चिकटविलेलें.

दूरध्वनि संपत आला तेव्हां सूनबाईंनीं घराचा नकाशा पडद्यावर दाखविला. नळ्यांचीं वेटोळीं निळ्या रेघांनीं काढलेलीं होतीं. बैठकीच्या खोलींत, पूर्वेच्या खिडकीजवळ, एका चौकोनांत मात्र एकही रेघ नव्हती. मला वाटलें, आंखणाऱ्याची चूक झाली. मीं तसें विचारलें. सूनबाई म्हणाल्या, “चूक नाहीं बाबा, ती जागा मुद्दाम सोडवून घेतली आहे. तेथें खालीं नळ्या नाहींत, म्हणजे वर कांहीं घातलें तरी चालतें. तेथें आईंची गोधडी.”

सौ. माझ्या खांद्यावरून नकाशा पाहत होती. ती कांहीं बोलली नाहीं. परंतु या खेपेचें न बोलणें निराळें होतें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं ती झोंपली नाहीं. पेटी उघडून उरलेल्या लुगड्यांच्या घड्या ती मोजीत बसली होती. तो चौकोन किती फुटांचा आहे, तें चिरंजिवांना विचारून कळवा, म्हणून मला सांगणें आहे.